विकिपीडियावर कोणत्या नावाने लिहावे?
मराठी विकिपीडियावर नव्याने येताना सदस्यनाव विचारपूर्वक निवडावे, कारण आपल्या प्रत्येक संपादनाची नोंद लेखाच्या इतिहासात त्याच नावाने राहते. पुढे नाव बदलून मिळते, परंतु चर्चापानांवरील जुन्या सह्या तशाच राहतात. टोपणनावात काहीच गैर नाही. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झालेच की. संस्थेचे नाव मात्र घेऊ नये, कारण खाते एका व्यक्तीचेच असावे लागते. सदस्यपानावर, म्हणजे स्वतःची ओळख देण्याच्या पानावर, आरंभी मी पदव्यांची आणि सत्कारांची लांबलचक यादी दिली होती. एका जाणत्या सदस्याने ‘आपण कोणत्या विषयावर लिहिणार?’ एवढेच विचारले, तेव्हा ती काढून ‘कोकणातील देवराया’ ही एकच ओळ ठेवली. फोन क्रमांक आणि जन्मतारीख तर लिहूच नये, कारण मजकूर काढला तरी जुनी आवृत्ती इतिहासात कोणालाही दिसते.