पापणी हलत नाही म्हणजे घोडी आंधळी झाली का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमची लग्नाची घोडी आहे, चाऱ्यातलं बाजरीचं कुसळ डोळ्यात गेलं बहुतेक, डोळा मिटूनच घेतला आणि पाणी गळायला लागलं. डॉक्टरांनी आधी गुंगीचं दिलं, मग डोळ्यामागच्या हाडावर सुई मारली आणि तपासून गेले. नंतर मी डोळ्यासमोर हात नेला तर पापणीच हलेना, तासभर तसंच. घरचे म्हणतात नस मारली, आंधळी झाली. ती सुई लागतेच का, दोन पोरं धरून डोळा उघडता आला नसता का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भाऊ, आंधळी नाही झाली, तुम्ही टेस्ट बरोबर केली पण चुकीच्या वेळेला केली. हात जवळ आला की पापणी मिटायची, यात बघायचं काम डोळ्याचं आणि मिटायचं काम चेहऱ्याच्या नसेचं. डॉक्टरांनी त्याच नसेची पापणीकडे जाणारी फांदी लिग्नोकेनने, म्हणजे नस थोडा वेळ बधिर करायच्या औषधाने, बंद केली होती, तिला ऑरिक्युलोपाल्पेब्रल म्हणतात, नाव लांबलचक पण हाडावर बोट आडवं फिरवलं की सुतळीसारखी हाताला लागते. दोन-तीन मिली औषध, पाच-दहा मिनिटांत असर, साधारण एक-दोन तासांत उतरतो. तेवढा वेळ घोडीला हात दिसला तरी मिटणार कशी? म्हणून हात हलवून बघणं, पापणीला बोट लावून बघणं, आणि झगझगीत उजेडाला डोळा मिटतो का ते, हे सगळं सुईच्या आधी उरकायचं असतं. डोळ्यात पाणी किती येतं ती कागदाच्या पट्टीची टेस्टपण आधीच, गुंगीच्याही आधी.

तुम्ही नीट बघितलं असतं तर हात नेल्यावर तिने मान बाजूला घेतली असेल किंवा बुबुळ आत ओढलं असेल आणि आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी सरकन पुढे आली असेल. ते दुसऱ्या नसेचं काम, या सुईने बंद होत नाही. बॅटरी मारली की बाहुली बारीक होते तीपण चालूच राहते, मात्र ॲट्रोपिनचे थेंब टाकले असतील तर बाहुली कित्येक दिवस मोठीच राहील, तेव्हा परत घाबरू नका.

आता दोन पोरांचं. घोड्याचा पापणी मिटायचा स्नायू लई जोरदार, दुखऱ्या डोळ्यावर तर तो मुठीसारखा आवळतो. कुसळाने जखम खोल केली असेल आणि तुम्ही बोटांनी ओढाओढ केली तर त्या दाबाने बुबुळ फुटू शकतं, मग डोळा गेलाच. सुई यासाठीच असते. डोळ्याचं प्रेशर मोजायचं असेल तरी आवळलेल्या पापणीमुळे आकडा खोटाच जास्त येतो (गुंगीचं औषध तो उलट कमी करतं आणि मान खाली लोंबली की परत वाढतो, म्हणून आम्ही डोकं वर धरायला सांगतो, उगाच नाही).

एक गैरसमज मात्र बऱ्याच जणांचा असतो, या सुईने डोळा बधिर होत नाही, फक्त पापणी ढिली पडते. दुखणं तसंच. म्हणून बुबुळाला काही लावायचं तर बधिर करायचे थेंब वेगळे टाकावे लागतात, आणि वरच्या पापणीला टाका घालायचा असेल तर डोळ्यावरच्या हाडात बारीक छिद्र असतं तिथे दुसरी सुई.

पण एक-दोन तास पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं, धूळ बसते. तेवढा वेळ घोडीला सावलीत बांधा, पुढ्यात कडबा-भुसा टाकू नका, वारा लागू देऊ नका, डॉक्टरांनी दिलेलं डोळ्याचं मलम लावत राहा. वरातीला तर अजिबात नाही, ते फटाके आणि लाइट तिला बरी असतानाही नको असतात. दुसऱ्या दिवशीही पापणी मिटत नसेल किंवा बुबुळावर पांढरट-निळसर डाग वाढताना दिसला तर वाट बघू नका, त्याच डॉक्टरांना फोन करा.