तुमचं डोकं, आमचं उत्तर : सायनस की अर्धशिशी?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, शाळेत शिकवते. आठ-नऊ वर्षं डाव्या बाजूने डोकं ठणकतं, नाक वाहतं, डोळ्यातून पाणी येतं, सगळे म्हणतात सायनस आहे, वाफ घे. मेडिकलमधली डोकेदुखीची गोळी महिन्यातून वीसेक दिवस तरी होतेच. सासूबाईंचंही (वय ६६) महिन्याभरापासून कानशिलात दुखतंय, त्यांनाही मायग्रेन असेल तर माझीच गोळी देऊ का?

उत्तर : ताई, डोकं चढलं की तुम्ही काय करता ते लिहिलं नाहीत, आणि मला तेच आधी विचारायचंय. खोली अंधारी करून ओढणी घट्ट बांधून पडून राहता का, कुकरची शिट्टी आणि फोडणीचा वास नको होतो का, मळमळतं का, जिना चढला की ठणका वाढतो का? हे असेल आणि दुखणं ४ ते ७२ तास टिकत असेल तर ती अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. नाक-डोळे वाहतात म्हणून सायनस असं नसतं, चेहऱ्याच्या ज्या नसेतून कळ येते तिच्यामुळेच नाका-डोळ्यालाही पाणी सुटतं. खऱ्या सायनसमध्ये शेंबूड घट्ट पिवळा-हिरवा येतो, वास कळत नाही, बऱ्याचदा ताप असतो. वर्षानुवर्षं नुसती वाफ घेत बसलेल्या कितीतरी बायका मी बघितल्यात, फार वाईट वाटतं.

टेन्शनचं डोकं दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं दुखतं, पण माणूस कामं करत राहतो. क्लस्टर नावाची डोकेदुखी वेगळीच, एका डोळ्यामागे भयंकर कळ, १५ मिनिटं ते ३ तास, आणि पेशंट पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो.

आता गोळ्या. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिश्र गोळी (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात ती) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. तुमचे वीस होतात म्हणजे बरंचसं दुखणं त्यातलंही असेल. कॅलेंडरवर दुखल्याच्या दिवशी फुली, गोळी घेतली तर गोल, असं महिनाभर करा आणि ते घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात.

सासूबाईंना मात्र तुमची गोळी देऊ नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं डोकं मायग्रेन समजून सोडायचं नसतं. त्यांना विचारा, भाकरी चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना कानशिलाला हात लावू देत नाहीत का, मधेच अंधुक दिसतं का. यातलं एक जरी हो आलं तर आजच डॉक्टरांकडे न्या, रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी (अंगात सूज आहे का ते कळतं) करून घ्या. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, त्यात नजर जाते आणि गेलेली बहुतेक परत येत नाही, वेळेत स्टिरॉइड सुरू झालं तर वाचते. तिन्ही उत्तरं नाही आली तरी या आठवड्यात दाखवाच.