युरोपात कलाकृतींनी सजलेल्या लहान हॉटेलात राहायचे असल्यास कुठे जावे?

एकच ठिकाण सुचवायचे झाल्यास मी दक्षिण फ्रान्समधील सेंट-पॉल-द-वान्स या तटबंदीच्या गावातील 'ला कोलोंब दोर', म्हणजे 'सोनेरी कबूतर', हेच नाव सुचवेन.

पॉल रू यांनी १९२० मध्ये येथे एक साधे उपाहारगृह सुरू केले आणि १९३१ च्या सुमारास त्याला सध्याचे नाव मिळाले. रू स्वतः चित्रकलेचे चाहते होते. चित्रकारांशी त्यांची मैत्री जुळली आणि अनेकांनी जेवणाखाण्याच्या व मुक्कामाच्या बदल्यात आपली चित्रे दिली, असे सांगितले जाते. त्यामुळे पिकासो, मातिस, ब्राक यांच्या कलाकृती येथे काचेआड नाहीत, तर जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर आहेत. अंगणात फेर्नां लेजे यांचे भित्तिशिल्प आहे आणि पोहण्याच्या तलावाकाठी काल्डर यांचे झुलते शिल्प वाऱ्यावर हलते. सजावटीसाठी घाऊक खरेदी केलेली चित्रे आणि स्नेहातून जमलेला संग्रह यांतला फरक येथे मनाला स्पष्ट जाणवतो.

मुक्काम महाग वाटल्यास आगाऊ नोंदणी करून केवळ जेवायला जावे.

गावाजवळच १९६४ मध्ये उघडलेले 'माग' (Maeght) या कलाप्रतिष्ठानचे संग्रहालय आहे. तेथील जाकोमेत्तींच्या शिल्पांच्या चौकासाठी निवांत वेळ ठेवावा. चित्रकार मार्क शागाल यांची समाधी गावच्या दफनभूमीत आहे. शेजारच्या वान्समध्ये मातिस यांनी घडवलेले, १९५१ मध्ये पूर्ण झालेले प्रार्थनागृह मात्र रोज खुले नसते, म्हणून वार आधी पाहून घ्यावा.