दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची बरणी

प्रश्न : ताई, पुढच्या शनिवारी मैत्रिणीकडे जेवायचं बोलावणं आहे. पंधरा-वीस माणसं असतील. रिकाम्या हातानं जाणं बरं वाटत नाही आणि विकतचा खोका न्यायचा नाही. सगळ्यांना आवडतो म्हणून घरी केलेला केक न्यावा असं मनात आहे. नाहीतर ताजा लसूण आणि मिरची घातलेलं तेल छानशा बाटलीत भरून न्यावं. तुम्ही काय न्याल?

उत्तर : दोन्ही नेणार नाही. तेलाचं कारण गंभीर आहे, ते पुढे सांगते. आधी केक.

मैत्रिणीनं शेवटी गोड काय द्यायचं हे केव्हाच ठरवलं असेल. तुमचा केक आला की तिला फ्रीजमध्ये जागा करावी लागेल, सुरी-ताटल्या शोधाव्या लागतील आणि स्वतःच्या हातचं गोड बाजूला ठेवून आधी तुमचा केक कापावा लागेल, कारण तुम्ही समोर उभ्या असाल. हे मी स्वतः करून बसले आहे. एकदा एकीकडे भरलेल्या भाज्यांचा ट्रे घेऊन गेले आणि दारातच म्हणाले, "फक्त पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेव." ओव्हनमध्ये तिचा मुख्य पदार्थ अर्धा शिजला होता. तिनं तो बाहेर काढून माझा ट्रे आत सरकवला. जेवायला पाऊण तास उशीर झाला. ती हसतमुखच होती, पण तिच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आणि घरी येईपर्यंत तो डोळ्यांसमोरून हलला नाही.

तेव्हापासून मी यजमानांसाठी जे करते ते त्या संध्याकाळसाठी नसतंच. पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उघडावं असं काहीतरी नेते. बहुतेक वेळा ग्रॅनोला, म्हणजे मध-तेल चोळून कुरकुरीत भाजलेले ओट्स आणि सुकामेवा.

400 ग्रॅम जाड ओट्स, 150 ग्रॅम जाडसर चिरलेले बदाम-अक्रोड आणि चमचाभर मीठ एकत्र करा. मीठ टाळू नका, त्याशिवाय गोडाला चव येत नाही. 120 ग्रॅम मध आणि 80 ग्रॅम बिनवासाचं तेल किंचित कोमट करून त्यावर ओता आणि हातानं चोळा, प्रत्येक दाण्याला ते लागलं पाहिजे. ट्रेमध्ये पसरून 150 अंश सेल्सिअसवर साधारण अर्धा-पाऊण तास भाजा, मध्ये दोनदा हलवा. रंग सोनेरी झाला की बाहेर काढा. हाताला अजून मऊ लागेल, पण म्हणून पुन्हा आत ढकलू नका. तो कुरकुरीत होतो तो थंड होतानाच. गार होईपर्यंत हलवलं नाही तर छान गठ्ठे धरतात. बेदाणे वगैरे सुकी फळं घालायची ती यानंतर; भाजताना घातली तर कडू आणि चिवट होतात.

बरणी भरायची घाई मात्र करू नका. ट्रेचा तळ हाताला जरासाही कोमट लागला तरी थांबा. कोमट ग्रॅनोला बंद केला तर आतली वाफ झाकणाला लागते आणि दोन दिवसांत सगळं सादळतं. माझ्या अनुभवात घरच्या खाऊच्या भेटी बिघडतात त्या बहुतेक इथेच. बरणी आणि झाकण आतून कोरडं ठणठणीत हवं. अक्रोडातलं तेल लवकर खवट होतं, म्हणून नेण्याच्या आदल्या दिवशीच करा आणि चिठ्ठीवर "तीन आठवड्यांत संपवा" असं लिहा.

चिठ्ठीवर तारीख हवी आणि आत काय काय आहे तेही हवं. सुकामेवा, दूध, अंडं, गहू, तीळ यांची काहींना तीव्र अॅलर्जी असते आणि पार्टीच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाऐवजी साखरेचा पाक वापरा. इतक्या लहान बाळाला मध देत नाहीत, आणि मोठ्यांच्या वाटीतला घास कधी बाळाच्या तोंडात जाईल सांगता येत नाही.

आता तेल. बाटलीत तरंगणाऱ्या लसणीच्या पाकळ्या दिसतात सुंदर, पण ही भेट कृपा करून कुणाला देऊ नका. लसूण मातीत वाढते, तिच्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. लसणीत ओल आहे, आंबटपणा नाही आणि भोवतीच्या तेलामुळे हवा पोचत नाही. या जंतूंना वाढायला नेमकं हेच लागतं. जे विष तयार होतं त्यानं माणूस दगावू शकतो, आणि तेलाला वास येईलच, रंग बदलेलच असं नाही. साध्या उकळण्यानंही बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी प्रेशरखाली 121 अंशांचं तापमान लागतं. असं तेल आपल्या घरी करून, फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवणं वेगळं. दुसऱ्याच्या कपाटात ते किती महिने राहील यावर आपला ताबा नसतो.

सुंदर बाटलीची हौस असेल तर लिंबाचं मीठ करा. पाव किलो जाड मिठात तीन लिंबांची किसलेली साल चोळा. फक्त पिवळा भाग घ्या, पांढरा कडू लागतो. ट्रेवर पसरून 100 अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण कोरडं होईपर्यंत ठेवा आणि गार झाल्यावर भरा. पहिल्यांदा झाकण उघडतं तेव्हाचा वास अप्रतिम असतो.

प्रश्न : मी जॅम करते, पण साखर निम्मीच घालते. तो भेट द्यावा का?

उत्तर : जरूर द्या, फक्त हातात देतानाच "फ्रीजमध्ये ठेव" असं सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा. जॅम टिकतो तो साखरेमुळे. ती फळातलं पाणी धरून ठेवते आणि बुरशीला मिळू देत नाही. तुमच्या जॅममध्ये ती राखण निम्मीच आहे, तेव्हा दोन आठवड्यांची मुदत द्या. बरण्या ओव्हनमध्ये तापवून घ्या आणि गरम बरणीतच गरम जॅम भरा.

प्रश्न : मी खपून चॉकलेटं केली होती. यजमानांनी डबा घेतला आणि आत नेऊन ठेवला. कुणाला एक दिलं नाही, विषयही काढला नाही. मला फार लागलं.

उत्तर : लागणारच, दोन संध्याकाळी तुम्ही त्यावर घालवल्या होत्या. पण तुम्ही तो डबा त्यांना दिला होता, पाहुण्यांना नाही, आणि त्यांनी तो स्वतःसाठी ठेवला.

माझ्याकडे एकदा खूप माणसं जेवून गेली. सकाळी स्वयंपाकघरात आले तर खरकट्या ग्लासांच्या मागे एक बरणी. रात्री कुणी हातात दिली, मी काय म्हणाले, काही आठवत नव्हतं. वाटीभर काढून, वर गार दूध ओतून मी ओट्याशी उभ्यानंच खाल्लं. आदल्या दिवशी दुपारपासून निवांत असा घास पोटात गेलाच नव्हता. मग चिठ्ठी उलटून नाव वाचलं आणि आठ वाजायच्या आत तिला फोन लावला.

तुमच्या डब्याबद्दल विचारायला तुम्ही फोन करू नका. आणि डबा परतही मागू नका.