मेंदूची सूज की मेंदूतला दाह?

मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघासाठी माहितीपत्रक लिहिणाऱ्या वाचक भगिनींचा प्रश्न असा: ‘मेलाटोनिनमुळे वयस्क मेंदूची सूज उतरते’ हे वाक्य बरोबर आहे का? (मेलाटोनिन म्हणजे झोपायची वेळ झाल्याची सूचना देणारं शरीरातलं संप्रेरक.) इन्फ्लमेशनला, म्हणजे इजा किंवा संसर्ग झाल्यावर शरीर देतं त्या प्रतिक्रियेला, सूज म्हणावं, दाह की शोथ?

या वाक्यात ‘सूज’ अजिबात नको. रुग्णालयात डॉक्टर नातेवाइकांना ‘मेंदूला सूज आलीय’ असं सांगतात, ते बहुधा डोक्याला मार लागल्यावर किंवा मोठ्या पक्षाघातानंतर. तेव्हा मेंदूत पाणी साठून तो खरोखरच फुगलेला असतो. कवटीतला दाब वाढतो आणि तो उतरवायला शिरेतून मॅनिटॉल हे औषध द्यावं लागतं. उतारवयात घडतं ते वेगळं. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशी वयाबरोबर सहज चिथावल्या जातात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाहकारक प्रथिनं थोडी थोडी पण सतत सोडत राहतात. डोकं दुखत नाही, ताप येत नाही, साध्या सीटी स्कॅनवर काही दिसत नाही. अशा स्थितीला ‘सूज’ म्हटलं, तर पत्रक वाचणारे आजी-आजोबा विनाकारण धास्तावतील.

पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणं नोंदवली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. म्हणजे सूज हे चारांतलं एक. गुडघा किंवा हिरडी सुजलेली डोळ्यांना दिसते, म्हणून तिथे हा शब्द चालून जातो.

‘शोथ’चा मूळ संस्कृत अर्थही सूजच. मराठी विश्वकोशात तो पारिभाषिक म्हणून वापरला आहे आणि ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासाही सोबत येतो. वैद्यकीय लेखात ठीक, पत्रकात नको.

उरला ‘दाह’. हाच घ्यावा, पण दोन पथ्यं पाळून. नुसता ‘दाह’ वाचला की पोटातली जळजळ आठवते, म्हणून ‘मंद’ हे विशेषण हवंच. क्लाउदिओ फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने 2000 साली वार्धक्यातल्या अशा धुमसत्या दाहाला ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. ‘मंद’मध्ये ती छटा बरोबर उतरते. दुसरं पथ्य प्रत्ययाचं. ‘मेंदूचा दाह’ म्हटलं की अख्खा मेंदू होरपळल्यासारखा, जवळजवळ मेंदूज्वराचा अर्थ निघतो. ‘मेंदूतला मंद दाह’ म्हणावं.

क्रियापदही बदलावं लागेल. सूज उतरते, ताप उतरतो. दाह शमतो किंवा ओसरतो. म्हणून औषधाला ‘दाहनाशक’पेक्षा ‘दाहशामक’ बरं. जंतुसंसर्गाशी लढायला शरीराला थोडा दाह लागतोच, त्याचा नाश कुणालाच नको असतो. मेलाटोनिनही प्रयोगांत तो आटोक्यात आणताना दिसतं: पेशीतला एनएफ-कप्पा-बी हा दाह चेतवणारा संदेशमार्ग आणि एनएलआरपी-३ हा प्रथिनसमूह यांची सक्रियता घटते. हे बहुतांशी उंदरांत आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलं आहे, म्हणून ‘शमतो’ असं ठाम विधान करू नये.

‘वयस्क’ मराठीत बरोबर आहे, पण हिंदीत त्याचा अर्थ सज्ञान, प्रौढ. मुंबईत दोन्ही भाषा कानावर पडतात, तेव्हा ‘उतारवयातला मेंदू’ अधिक स्वच्छ.

वाक्य असं करा: ‘उतारवयात मेंदूत मंद दाह सुरू राहू शकतो. मेलाटोनिनमुळे तो शमत असल्याचं प्रामुख्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत ते अजून सिद्ध झालेलं नाही.’

पत्रकात मेलाटोनिनला ‘झोपेची गोळी’ असंही लिहू नका. ते अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून स्रवणारं संप्रेरक आहे. रात्री झोपायची वेळ झाल्याची सूचना शरीराला देतं, आणि वयाबरोबर त्याचं प्रमाण साधारणपणे घटतं. मेडिकलमध्ये त्याच्या गोळ्या मिळतात, म्हणून एक ओळ जरूर घाला: वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सकाळपर्यंत गुंगी राहून तोल जाऊ शकतो, हेही त्याच ओळीत लिहा.