आमच्या पंक बँडचं पान विकिपीडियाने उडवलं, हे बरोबर आहे का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा चौघांचा पंक बँड आहे, सोलापुरातलाच. तीन कॉर्ड, फुल आवाज, गाणी मराठीत आणि मध्ये मध्ये तेलुगू, कारण आमचा ड्रमर पूर्वभागातला, म्हणजे तेलुगू वस्तीतला आहे. पाच गाण्यांचा ईपी स्वतःच रेकॉर्ड करून यूट्यूबला आणि बँडकँपला टाकलाय. मी इंग्रजी विकिपीडियावर बँडचं पान बनवलं तर त्याच दिवशी डिलीट! कारण काय, तर महत्त्व दिसत नाही म्हणे. बाहेरच्या कसल्याही फालतू बँडची पानं आहेत की ओ तिथं. आमच्याकडे पेपरचं कात्रण आहे, एका ब्लॉगवर मुलाखत आहे, इन्स्टावर फॉलोअर बऱ्यापैकी आहेत. सोलापूरचे म्हणून डावललं का?
ता. क. एक एजन्सी पैसे घेऊन गॅरंटीने पान बनवून देतो म्हणतेय, देऊन टाकू का?
– एक गिटारिस्ट, जुळे सोलापूर

उत्तर : सोलापूरचा काही संबंध नाही रे बाबा. ईपी ऐकला मी. यंत्रमागाच्या खडखडाटाने सुरू होतं आणि मग त्याच तालात ड्रम घुसतात ते तिसरं गाणं तर भारीच झालंय, पण गाणं भारी आहे का हे विकिपीडिया विचारतच नाही आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. ते बघतात एवढंच, की ज्यांचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही अशा कुणी, म्हणजे पेपर, मासिक, पुस्तक वगैरेंनी, तुमच्याबद्दल स्वतःहून जरा सविस्तर लिहिलंय का, आणि तेही एकाच ठिकाणी नाही. बँडसाठी वेगळे निकष पण आहेत: देशाच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं, एखादं मोठं बक्षीस, नाव असलेल्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडून) दोन अल्बम, देशभर दौरा आणि त्याच्या बातम्या, असलं काही. यातलं एक बसलं तरी पान टिकेल अशी आशा, हमी नाही. त्यात एक कलम तुला आवडेल, एखाद्या शहराच्या संगीताचा ठळक प्रतिनिधी असणं. पण ते तू म्हणून चालत नाही, तिसऱ्याच कुणीतरी छापून म्हणायला लागतं, आणि सोलापुरात पंक बँड तुम्ही एकटेच असाल तर प्रतिनिधी नक्की कुणाचे हाही प्रश्नच.

आता तुझे पुरावे. कात्रणाचा फोटो नीट झूम करून बघितला. कॉलेजच्या गॅदरिंगची बातमी आहे, अर्धी बातमी प्राचार्य, प्रमुख पाहुणे आणि दीपप्रज्वलनातच गेलीये आणि शेवटच्या ओळीत ‘युवकांच्या बँडनेही पाश्चात्त्य गीते सादर केली’ एवढंच. नाव नाही. गाणी मराठी होती तरी पाश्चात्त्य! असल्या ओझरत्या ओळी धरत नाहीत. ब्लॉग कुणाचा, तर तुमच्या बेस वाजवणाऱ्याच्या रूममेटचा, म्हणजे घरचाच माणूस, शिवाय मुलाखतीत बोलणारा तूच. इन्स्टा, यूट्यूबचे व्ह्यूज, पोस्टर, याला मार्क शून्य. मग पानावर उरतं काय? बँड कधी सुरू झाला, कोण का सोडून गेलं, सगळं तुझ्याच तोंडचं, आणि उद्या त्यात काही चुकीचं निघालं तर कशाशी ताडून बघणार? म्हणून माझं मत विचारशील तर आज तुमचं पान नको, हेच बरोबर.

डिलीट एवढ्या पटकन कसं झालं, तर बँड महत्त्वाचा आहे असा नुसता दावाही पानात दिसला नाही तर चर्चा न करता काढायची सोय आहे. दावा असता तर चर्चा लागली असती, ती साधारण सात दिवस चालते, तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात, त्यामुळे सगळ्या ग्रुपला लिंक टाकून ‘ठेवा ठेवा’ लिहायला लावलंस तर उलट अंगाशी येतं. आणि त्या फालतू बँडचं आहे मग आमचं का नाही, हा मुद्दा तिथे कायम येतो आणि कायम पडतो.

तरी एक गोष्ट मला खटकते. नियम सगळ्यांना एक, पण लिहिणारी माणसं सगळीकडे सारखी नाहीत. लंडनला १९७६ मध्ये पंक सुरू झालं नि त्याच वर्षी स्निफिन ग्लू नावाचं झेरॉक्सवर काढलेलं मासिक निघालं, वर संगीताचे साप्ताहिक पेपर होतेच. आपल्या देशात अमित सैगल यांनी १९९३ ला अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉक संगीताचं मासिक काढलं म्हणून निदान काही बँडबद्दल छापून तरी आलं. सोलापुरात नाटकाबद्दल लिहून येईल, भजनी मंडळाची बातमी येईल, पंकवर कोण लिहिणार?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या डेथ या बँडचं बघ. हॅकनी आडनावाचे तीन भाऊ, १९७५ मध्ये रेकॉर्डिंग केलं, कंपनीला बँडचं नाव बदलून पाहिजे होतं, यांनी बदललं नाही. मग १९७६ ला स्वतःच एका रेकॉर्डच्या ५०० प्रती काढल्या आणि विषय संपला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी लेबलने ते जुनं रेकॉर्डिंग बाहेर काढलं, न्यूयॉर्क टाईम्समध्ये मोठा लेख आला, आणि आज त्यांचं पान कुणी हलवू शकत नाही. गाणी तीच होती की! गिटार वाजवणारा डेव्हिड मात्र २००० मध्येच गेला होता, त्याने यातलं काहीच बघितलं नाही. पण टेप जपून ठेवल्या होत्या म्हणून एवढं तरी झालं.

तेव्हा तुम्हीही आधी जपायचं बघा. मूळ रेकॉर्डिंग, पोस्टर, कुठे कधी वाजवलं त्याच्या तारखा इंटरनेट अर्काइव्हवर टाकता येतात, म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन नोंदवहीत बँडची आणि ईपीची नोंद करता येते, तिथे प्रसिद्ध असायची अट नाही. पुढे कुणी खरंच लेख छापला तर कात्रणावर पेपरचं नाव, तारीख, पान नंबर लिहून ठेव, कारण पुरावा ऑनलाइनच पाहिजे असं नाही आणि इंग्रजीतच पाहिजे असंही नाही, मराठी पेपर इंग्रजी विकिपीडियाला चालतो. तेव्हाही पान दुसऱ्या कुणी लिहिलेलं बरं. तूच लिहिणार असशील तर बँड माझाच आहे असं उघड सांगून मसुदा तपासायला पाठव. (पंकवाले विश्वकोशात जागा मिळावी म्हणून अर्ज करतायत, याची मला जाम मजा वाटतेय, असो.)

आणि त्या एजन्सीला एक रुपया देऊ नको. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करायचं हे २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे आणि गॅरंटीवाले नेमके तेच लपवतात. बरं, गॅरंटी देणार कशाच्या जोरावर? पान कुणीही बदलू शकतं, काढायचं का ठेवायचं हे तिथले संपादक ठरवतात. ते उडालं की एजन्सीवाला फोन उचलणार नाही. त्या पैशात चांगला माइक घ्या, दुसऱ्या गाण्यात तुमचा आवाज गिटारखाली पार दबलाय.