वाचकांचे प्रश्न : बाळकृष्ण दोशी आणि पुण्यातलं वाढतं घर

गेल्या अंकात घराच्या ओट्याबद्दल लिहिताना मी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचं नाव ओझरतं घेतलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत, शेवटी एक पोस्टकार्डही.

माझी मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नोट्समध्ये दोशींबद्दल ‘ल कॉर्बुझिए आणि लुई कान यांचे शिष्य’ एवढंच आहे. त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं का? — एक पालक, सांगली

पॅरिसचे कॉर्बुझिए आणि अमेरिकेचे कान, दोघेही गेल्या शतकातले मोठे वास्तुविशारद. नोट्स चूक नाहीत, पण गोष्ट मधूनच सुरू करतात. पॅरिसच्या आधी पुणं होतं.

दोशींचा जन्म पुण्यातला, 26 ऑगस्ट 1927 चा. घर एकत्र कुटुंबाचं, व्यवसाय फर्निचरचा. म्हणजे रंधा, भुसा, सांधा हे सगळं शाळेच्या आधीपासून डोळ्यासमोर. आणि घर असं की माणसं वाढली की तेही वाढायचं. इथे एक खोली, तिथे एक जिना, वर आणखी एक मजला. कुणी प्लॅन काढून केलेलं नव्हे, लागेल तसं झालेलं. जुन्या पेठांत वाढलेल्या कुणालाही हे घर ओळखू येईल. मला तरी लगेच आलं.

1947 मध्ये ते आर्किटेक्चर शिकायला मुंबईत जे. जे.ला आले आणि तिथून लंडनला गेले. 1951 मध्ये लंडनजवळ हॉडस्डनला आधुनिक वास्तुविशारदांची एक मोठी परिषद भरली होती. तिथे कॉर्बुझिए आखत असलेल्या चंदीगड शहराचा विषय निघाला आणि त्यांच्या ऑफिसातल्या माणसाशी ओळख झाली. कॉर्बुझिएंकडे काम हवं असेल तर स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहून पाठवा, असं त्यांना सांगण्यात आलं. तो अर्ज पास झाला. पॅरिसच्या त्या ऑफिसात पहिले आठ महिने पगार नाही आणि फ्रेंच येत नाही. अशा वेळी माणूस रेघांमधून बोलायला शिकतो. आमच्या वेळच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार रम्य वाटायची. आठ महिने खिशात पैसे नसण्यात काय रम्य आहे, मला कधी कळलं नाही.

1954 मध्ये ते परतले ते कॉर्बुझिएंच्या अहमदाबादच्या कामांवर देखरेख करायला. आश्रम रोडवरची गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत, साराभाईंचं घर, शोधनांचा बंगला. मुलीला सांगा, साराभाईंच्या घराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, नीट बघ. विटांच्या बुटक्या कमानी ओळीने आणि छपरावर माती, गवत. हे छप्पर डोक्यात ठेवायचं.

कान यांची गोष्ट जरा वेगळी. अहमदाबादच्या आयआयएमचं काम 1962 मध्ये निघालं तेव्हा दोशी काही कुणाच्या हाताखाली नव्हते. कान यांचं नाव त्यांनीच सुचवलं आणि स्वतः सोबत राहिले. पस्तिशीत, हाताशी येऊ शकणारं एवढं मोठं काम दुसऱ्याला बोलावून द्यायचं, याला मी शिष्यत्व म्हणणार नाही. कान यांच्याकडून त्यांना विटेचं वजन कळलं, असं मला वाटतं. तिथल्या त्या मोठ्या विटांच्या कमानी आणि खाली त्यांना ताणून धरणारी काँक्रीटची पट्टी बघितली की भिंत म्हणजे नुसता पडदा नव्हे हे पटतं. जाता जाता : कान 1974 मध्ये गेल्यावर तिथलं उरलेलं काम पुढे नेलं ते अनंत राजे यांनी. मुंबईचा माणूस. आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

आता ‘संगाथ’, दोशींचं अहमदाबादमधलं स्वतःचं ऑफिस, 1980 चं. गुजराती शब्द, आपल्या ‘सांगाती’चा सख्खा भाऊ. मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यातली दुपार होती. फाटकातून आत शिरलं तर समोर दारच नाही. वाट तिरकी जाते, गवताच्या पायऱ्या, पाण्याचे पाट, मातीचे रांजण यांच्या बाजूने वळसा घालते आणि मग कुठे कडेला दार. वर पांढऱ्या लांबट कमानी. त्यांच्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे, आपण गच्चीवर कोब्यावर लावतो तोच चायना मोझॅक. या कमानींच्या काँक्रीटमध्ये भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्या आहेत. त्यांच्यातली हवा ऊन अडवते. पाऊस पडला की पाणी कमानीवरून पन्हाळीत आणि पन्हाळीतून पाटात. इमारत अर्धी जमिनीत असल्यामुळे आत चार पायऱ्या उतरले आणि मानेवरचा घाम तिथल्या तिथे गार झाला. माझी मोजपट्टी मात्र पाटात पडली, ती काढायला माळ्याला बोलवावं लागलं.

कमान साराभाईंच्या घरातून आलेली, हे कुणालाही दिसेल. पण ती टाकाऊ टाइल्सनी मढवणं, तिच्या पाठीवरून पावसाला फिरवून आणणं, माणसाला दारापर्यंत थेट जाऊ न देणं, हे पॅरिसचं नव्हे. देवळाला प्रदक्षिणा घातलेल्या माणसाचं आहे.

सगळंच जमलं असंही नाही. अहमदाबादच्या भद्र किल्ल्याजवळचा त्यांचा प्रेमाभाई हॉल (1976) मला आजही अवजड वाटतो. जुन्या किल्ल्याच्या शेजारी एवढं काँक्रीट कशाला, असं दर वेळी मनात येतं.

दोशी मराठी होते का? — एक वाचक, नाशिक

जन्म पुण्याचा, कुटुंब गुजराती. वास्तुकलेतलं सर्वांत मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय (2018). 24 जानेवारी 2023 रोजी अहमदाबादमध्ये गेले. मराठी की गुजराती हा वाद पुण्यातल्या घराला कधी पडला नसावा.

त्यांनी काढलेल्या कॉलेजात वेगळं काय होतं? मी स्वतः शिक्षक आहे. — एक वाचक, सोलापूर

शिक्षकाचा प्रश्न, म्हणून मी आधी माझी चूक सांगते. मी विद्यार्थिनी असताना माझ्या एका प्लॅनमधला ओटा आमच्या सरांनी लाल पेन्सिलीने खोडला. म्हणाले, ही खेडवळ जागा वाया जाते. मी रडले. पंधरा वर्षांनी मी शिकवायला लागले आणि एका मुलाच्या प्लॅनवर अगदी तेच केलं, तेवढ्याच लाल पेन्सिलीने.

दोशींनी 1962 मध्ये अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. तेच पुढे सेप्ट झालं. त्याची इमारतच धडा आहे. समांतर विटांच्या भिंती, गिलावा नाही. दुप्पट उंचीचे स्टुडिओ, उत्तरेचा उजेड, म्हणजे ड्रॉइंगवर सावली नाचत नाही. खालचा भाग मोकळा सोडलेला. वर्ग कुठे संपतो आणि कट्टा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला चौथ्या वर्षाचं ड्रॉइंग येता-जाता दिसतं. ज्युरी, म्हणजे मुलांच्या ड्रॉइंगची तोंडी परीक्षा, चालू असेल तर जाणारा-येणारा थांबून ऐकतो. आमच्याकडे ज्युरीला दार लावून घ्यायचे, जणू शस्त्रक्रिया चालली आहे.

बंगळुरूच्या आयआयएममध्ये त्यांनी हेच आणखी ताणलं. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि लांबच लांब बोळ, कुठे वरून झाकलेले तर कुठे वर नुसत्या तुळया. फतेहपूर सिक्री आणि मदुराईच्या देवळातून आलेली कल्पना. वर्गातून बाहेर पडलेला माणूस लगेच निघून जाऊ नये, वाटेत दोन माणसांशी बोलावा, एवढाच हेतू. तुम्हाला इमारत बदलता येणार नाही हे मला कळतं. ज्युरीचं दार तेवढं उघडं ठेवून बघा.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना म्हणे अर्धवट घरं दिली. ही फसवणूक नव्हे का? — एक वाचक, ठाणे

तुमचा राग मला आवडला, पण दोशींनी आखलेल्या या वसाहतीचा हिशेब बघा. सुमारे 85 हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. सगळ्यात लहान 35 चौरस मीटरचे, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. गरिबाच्या हातात पडायचं ते जोतं, नळ-संडास-मोरीचा गाभा आणि फार तर एक खोली. पुढचं त्याने कमाईप्रमाणे बांधायचं. सरकारी पैसा रस्ते, पाणी आणि मैल्याच्या वाहिनीत घातला, कारण तेवढंच एकट्या कुटुंबाला जमत नाही. भिंत तर तो बांधतोच. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा पूर्ण घर म्हणून दहा बाय दहाची खोली देतात आणि तिला वाढायला जागाच ठेवत नाहीत.

शिवाय घरापुढे रस्त्याच्या बाजूला थोडी पट्टी राखून ठेवली होती, तिथे ओटा करा, बाहेरून जिना चढवा, दुकान मांडा. जिना बाहेर गेला की आतली जागा वाचते आणि वरची खोली भाड्याने देता येते. हे गणित कुठल्याही चाळकऱ्याला तोंडपाठ असतं, आर्किटेक्टला शिकावं लागतं. 1989 मध्ये पूर्ण झालेल्या या कामाला पुढे वास्तुकलेचं आगाखान पारितोषिक मिळालं. मला विचाराल तर त्यात पुण्यातलं ते वाढणारं घर आहे, साडेसहा हजार वेळा.

एका वाचिकेने पोस्टकार्डावर विचारलंय, अहमदाबादला एकच दिवस आहे, काय बघू? सकाळी आश्रम रोडवरची कॉर्बुझिएंची इमारत, मग सेप्ट, आणि त्याच आवारातली चित्रकार हुसेन आणि दोशी यांची गुंफा. आत जायला कुठे परवानगी लागते ते आधी विचारून घ्या. गुंफेतली जमीन सपाट नाही, चढ-उताराची आहे. टाचांच्या चपला घालून जाऊ नका.